नवा बास घ्यायचा की तबल्याच्या क्लासला जायचं?

बास गिटार हातात घेऊन वर्ष-दोन वर्षं झाली, चार-सहा गाणी बऱ्यापैकी बसली, की घरातला बास डोळ्यांत खुपायला लागतो. आवाज पातळ वाटतो, पाचवी तार नाही म्हणून चुकचुकल्यासारखं होतं, रंगसुद्धा एकाएकी आवडेनासा होतो. त्याच सुमारास दिवाळीचा बोनस जमा होतो. आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी म्हणतं, "अरे, त्यापेक्षा एखादं दुसरं वाद्य शीक ना!"

ठाणे-नवी मुंबईत राहून, नोकरी सांभाळून वाजवणाऱ्या नवशिक्यांनी या दोन्हींतलं काय निवडावं, यासाठी हे टिपण. माझं मत आधीच सांगतो. बहुतेकांना नवा बास नको असतो. पण ज्यांना हवा असतो त्यांना तो खरोखरच हवा असतो. आपण कुठल्या गटात आहोत हे दुकानात जाऊन कळत नाही, घरीच तपासावं लागतं.

पायरी १: आधी जुना बास जागेवर आणा

तारा किती जुन्या आहेत? "आणला तेव्हापासून त्याच" असं उत्तर असेल, तर नव्या बासचा विषय अजून सुरूच होत नाही. राउंडवाउंड तारांच्या (गोल तारेचे वेढे दिलेल्या, खरखरीत) वेढ्यांत घाम आणि मळ बसतो आणि आवाजातली झळाळी जाते. जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा तारांना खातेच, त्यातून वाशी-नेरुळला खाडीलगत राहणाऱ्यांच्या तारा आणखी लवकर गंजतात. ४५ ते १०५ जाडीचा (इंचाचा हजारावा भाग या मापात) नेहमीचा संच आणा आणि बदला. चांगला संच साधारण दीड ते अडीच हजारांच्या घरात पडतो, म्हणून लोक टाळतात, आणि मग पंचवीस हजारांचा बास बघायला निघतात. मोटाउनच्या रेकॉर्डिंगवर वाजवणारा जेम्स जेमरसन तारा बदलत नसे, हा किस्सा सांगून कुणी वाद घालेल. जेमरसनच्या तारा फ्लॅटवाउंड, म्हणजे चपट्या वेढ्यांच्या गुळगुळीत होत्या आणि त्याला तो दबका आवाजच हवा होता, एवढं त्या वाद घालणाऱ्याला सांगा.

मग नेक, म्हणजे बासची मान बघा. सगळ्यात जाड ई तार एका हाताने पहिल्या फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) दाबा आणि दुसऱ्या हाताने, नेक जिथे बॉडीला जोडली आहे तिथल्या फ्रेटवर दाबा. आता सातव्या-आठव्या फ्रेटपाशी डोळा लावून तार आणि फ्रेट यांच्यामधली फट बघा. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी असेल तर नेक ठीक आहे. फट अजिबात नसेल आणि पहिल्या तीन-चार फ्रेट्सवर तार खरखरत असेल, तर नेक मागे गेली आहे. एक रुपयाचं नाणं आरामात जात असेल तर पुढे वाकली आहे, आणि तुमची बोटं दुखण्याचं कारणही तेच. लाकूड दमट हवेत ओल धरतं, तारांचा ताण सतत असतोच, त्यामुळे पावसाळ्याआधी नीट असलेला बास गणपतीत वाजवताना वेगळाच लागतो. ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली तिचा बाक सांभाळणारी सळई, थोडा फिरवला की हे जागेवर येतं. पाव फेऱ्यापेक्षा जास्त एका वेळी फिरवू नका, आणि अडकल्यासारखा वाटला तर जोर लावायचा नाही, सरळ कारागिराकडे न्यायचा.

तिसरी तपासणी इंटोनेशनची, म्हणजे नेकवर वरपर्यंत स्वर सुरात लागतात का याची. बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर तारेला नुसता स्पर्श करून हार्मोनिक वाजवा, मग तीच तार तिथेच दाबून वाजवा. ट्यूनरवर दोन्ही स्वर जुळायला हवेत. दाबलेला स्वर चढा असेल तर ब्रिजवरचं सॅडल (तार जिथे टेकते तो तुकडा) मागे, उतरता असेल तर पुढे. हे जुन्या तारांवर करण्यात अर्थ नाही, आधी नव्या घाला.

आणि तो "पातळ आवाज"? बासच्या मोकळ्या ई तारेची कंपनसंख्या सुमारे ४१ हर्ट्झ आहे. मोबाइलचा किंवा लॅपटॉपचा स्पीकर तिथपर्यंत पोचतच नाही, गिटारचा छोटा अँपही नीट पोचत नाही आणि आवाज वाढवला तर त्याचा स्पीकर फाटू शकतो. कान झाकणारा बरा हेडफोन लावून ऐका. अ‍ॅक्टिव्ह बास (आत बॅटरीवर चालणारं सर्किट असलेला) असेल तर ९ व्होल्टची बॅटरी बदलून बघा. जॅक लावलेला राहिला की ती बसल्या जागी संपते, आणि संपत आलेल्या बॅटरीवर कुठलाही बास रडका वाजतो.

इतकं करून बऱ्याच जणांची नव्या बासची तहान भागते. नाही भागली तर पुढे.

पायरी २: अडतंय कुठे ते पकडा

मेट्रोनोम ८० वर लावण्याऐवजी ४० वर लावा आणि त्याचा ठोका दुसऱ्या-चौथ्या बीटवर आहे असं धरून एक साधी ओळ दोन मिनिटं वाजवा. फोनवर रेकॉर्ड करा. स्वर नीट ऐकू आले नाहीत तरी चालतील, ठोक्याच्या पुढे-मागे किती पळताय ते ऐकू येईल. मग गाणं लावून, बास खाली ठेवून, प्रत्येक कॉर्डचा मूळ स्वर तोंडाने गाऊन बघा. शेवटी तीच ओळ मित्राच्या महागड्या बासवर वाजवा.

मित्राच्या बासवरही तीच गडबड झाली, तर पैसे दुकानात देऊन काही होणार नाही. लय पळत असेल तर तबला, स्वर गाता येत नसेल तर पेटी, असा माझा सरळ हिशेब आहे. तिकडे येतोच. आधी नव्या बासची बाजू.

पायरी ३: नवा बास खरंच लागतो तेव्हा

यातलं सगळ्यात ठोस कारण पट्टीचं आहे. गिटारच्या पुस्तकांत ते सापडत नाही, कारण ते आपल्या गायकांचं कारण आहे.

चार तारांच्या बासचा सगळ्यात खालचा स्वर ई, म्हणजे पेटीवरची पांढरी तीन. गायकाने पांढरी चार सांगितली तर सा ई तारेच्या पहिल्या फ्रेटवर, मजाच मजा. पण गणपतीच्या किंवा लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गायक काळी एक, काळी दोन सांगतो. काळी एक म्हणजे सी शार्प. त्याचा सा ए तारेच्या चौथ्या फ्रेटवर मिळतो, त्याखालचे पंचम आणि मध्यमही ई तारेवर मिळतात, पण खालचा सा नाहीच. कीबोर्डवाला डाव्या हाताने तो वाजवतो आणि तुम्ही वरच लटकत राहता. पाच तारांच्या बासला खाली बी तार असते, तिच्या दुसऱ्याच फ्रेटवर हा सा बसलेला असतो.

काळी दोनचा खालचा सा मात्र मोकळ्या ई तारेच्या फक्त अर्ध्या स्वराने खाली आहे. चारही तारा अर्धा स्वर उतरवल्या की काम झालं. पांढरी दोनसाठी नुसती ई तार एक पूर्ण स्वर उतरवा. तेव्हा ज्यांचे गायक ठरलेल्या एक-दोन पट्ट्यांत गातात त्यांनी खुशाल तारा उतरवाव्यात. काळी एकपर्यंत उतरवायला गेलात तर तार लोंबकळते, स्वर हलतो. दर गाण्याला पट्टी बदलणाऱ्या ऑर्केस्ट्रात नियमित वाजवत असाल तर पाच तारांचा बास घ्या, मी अडवणार नाही. घरी बसून ई आणि ए मधली रॉक गाणी वाजवणाऱ्याला पाचवी तार म्हणजे अंगठा टेकवायची जागा.

दुसरं कारण शरीराचं. लिओ फेंडरचा प्रिसिजन बास १९५१ साली आला तेव्हापासून ३४ इंची तारेची लांबी हेच नेहमीचं माप झालं आहे. हात लहान असतील, मनगट दुखत असेल, तर ३० इंची शॉर्ट स्केल बास हे चैनीचं नव्हे, गरजेचं वाद्य आहे. खांदा दुखत असेल तर मात्र आधी रुंद पट्टा घेऊन बघा.

तिसरं कारण, दुरुस्तीपलीकडे गेलेला बास: पिळलेली नेक, गोल फिरणारा ट्रस रॉड, खड्डे पडलेल्या फ्रेट्स. यावर फार बोलण्यासारखं नाही. कारागीर सांगेल तो दुरुस्तीचा आकडा बासच्या किमतीच्या निम्म्यावर गेला की सोडून द्या.

आणि एक मधली वाट आहे, फ्रेटलेस. तारा त्याच, ट्यूनिंग तेच, पण फ्रेट्स नसल्याने स्वर कानाने शोधावा लागतो. मींड काढता येते, भावगीतांना तर तो फार शोभतो. बासवादक जॅको पास्टोरियसने १९७६ च्या आपल्या पहिल्या अल्बममध्ये त्यावर काय केलं ते ऐकून लोक दुकानात धावतात आणि महिनाभर बेसूर वाजवतात. ज्याला नवा बासही हवा आणि नवं वाद्यही, त्याने सेकंडहँड फ्रेटलेसचा विचार जरूर करावा.

घ्यायचं ठरलंच, तर फोटोवरून घेऊ नका. ठाण्याहून जलद लोकलने सीएसएमटी आणि तिथून चालत धोबी तलाव, एवढीच वाट आहे. १८६५ पासूनचं फुर्ताडोस हे वाद्यांचं दुकान तिथेच आहे, आणि चार-पाच बास हातात घेऊन बघता येतात. आधी अँपशिवाय वाजवा. जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटपर्यंत एकेक स्वर लांबवा. एखादा स्वर बाकीच्यांपेक्षा लवकर मरत असेल तर तो डेड स्पॉट. थोडाफार बहुतेक बासना असतो, पण एकाच मॉडेलच्या दोन नगांत जमीन-अस्मानाचा फरक सापडतो. पाच तारांचा घेत असाल तर बी तारेच्या पाचव्या फ्रेटवरचा ई आणि मोकळी ई तार आलटून-पालटून वाजवा. पहिला गुबगुबीत आणि दुसरा स्वच्छ असेल तर ती बी तार नावापुरती आहे. सेकंडहँड असेल तर वरची नेकची तपासणी तिथेच करा, नॉब फिरवताना कर्र होतं का ऐका, जॅक हलवून बघा, आणि विकणाऱ्यासमोर ट्रस रॉड दोन्ही बाजूंना किंचित हलतो याची खात्री करून घ्या. हो म्हणायला तो कां-कूं करत असेल तर चहा पिऊन परत या.

पायरी ४: दुसरं वाद्य घ्यायचं तर कुठलं

गिटार आणि युकुलेले इथे धरत नाही. गिटारच्या खालच्या चार तारा म्हणजे बासच्याच तारा, एक सप्तक वर. त्यात नवं कळतं ते कॉर्डचं, पण ते अनोळखी वाद्य नव्हे.

बासवाल्यासाठी माझी पहिली पसंती तबल्याला आहे. का, ते केरव्याच्या आठ मात्रांतच दिसतं:

धा गे ना ती । ना क धी ना

यात डग्गा (डाव्या हाताचा, खालच्या स्वराचा) मोकळा घुमतो तो फक्त पहिल्या, दुसऱ्या आणि सातव्या मात्रेला. तिसरीपासून सहावीपर्यंत खालचा घुमारा बंद, वरचा तबला आणि डग्ग्याची एक बंद थाप एवढंच. नवशिका बासवाला नेमका याच रिकाम्या जागेत स्वर भरत बसतो आणि मग ढोलकी-तबलावाला त्याच्याकडे रागाने का बघतो हे त्याला कळत नाही. आज घरीच करून बघा. केरव्यातलं कुठलंही कोळीगीत किंवा भावगीत लावा आणि मूळ स्वर फक्त पहिल्या, दुसऱ्या आणि सातव्या मात्रेला वाजवा. मधे हात तारांवर ठेवून आवाज पूर्ण बंद करा. गाणं हलकं होतं आणि तरी पकड सुटत नाही. डग्ग्यावर मनगटाचा दाब सरकवून जो गोल चढता आवाज काढतात, तो तर बासवरच्या स्लाइडचा सख्खा भाऊ. क्लासमध्ये पहिले काही महिने बोल तोंडाने म्हणत हातावर टाळी-खाली द्यायला लावतात, ते कंटाळवाणं वाटतं. बासवाल्याला मिळणारं निम्मं धन तिथेच आहे, बोटं नंतर येतात.

तबला विकत घेण्याची घाई नको. दायाँ, म्हणजे उजव्या हाताचा तबला, ठरावीक पट्टीतच नीट लागतो, फार तर इकडे-तिकडे थोडा सरकतो. तोंड लहान तितका स्वर उंच. दुकानात बहुधा काळी एकचा पुढे करतात. तो घ्यावा की नाही हे सरांना विचारून ठरवा, जमलं तर त्यांनाच सोबत न्या. पावसाळ्यात पुडी (वरचं कातडं) उतरते, गठ्ठे (बाजूचे लाकडी ठोकळे) ठोकून चढवावी लागते, आणि शाईला (मधल्या काळ्या गोलाला) ओल लागू द्यायची नाही, हे पहिल्याच दिवशी शिकून घ्या. सुरुवातीला तर्जनी सुजते. त्या दिवसांत बास हलक्या हाताने वाजवा, कारण तार छेडायलाही तेच बोट लागतं.

पेटी दुसऱ्या क्रमांकावर, आणि ज्यांचा कान कच्चा आहे त्यांच्यासाठी पहिल्या. बासवर स्वर आकृत्यांनी पाठ होतात: दोन फ्रेट पुढे, एक तार खाली. आपण कुठला स्वर वाजवतोय हे न कळताही वर्षानुवर्षं वाजवता येतं. पेटीवर बारा स्वर ओळीने समोर दिसतात, सरगम म्हणत वाजवावं लागतं, आणि गायक "काळी चार" म्हणाला की तुम्ही मोजत बसत नाही. बोटांवरही ताण नाही. आतले भाते मात्र झुरळं-उंदरांपासून जपायचे, तळमजल्यावर राहणाऱ्यांनी विशेष.

बासरी स्वस्त, पिशवीत मावणारी. वरची तीन छिद्रं झाकली की सा, इतकं सोपं दिसतं, पण आधी फुंकर लागण्यातच दिवस जातात. बासला तिचा थेट उपयोग कमी. मन रमत असेल तर शिका. व्हायोलिनच्या तारा जी, डी, ए, ई, म्हणजे बासच्या बरोबर उलट्या क्रमाने. कागदावर हे गमतीचं वाटतं, हाताला ते वर्षभर छळतं. नोकरीवाल्याने दुसरं वाद्य म्हणून सुरुवात यापासून करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पायरी ५: घर, शेजारी, लोकल

इथे बासचं पारडं जड आहे. हेडफोन लावून रात्री बारालाही वाजवता येतो. तबला, पेटी, बासरी यांना ती सोय नाही. ऐरोली-महापेहून साडेआठला घरी पोचणाऱ्याला रियाजाला जेमतेम तास मिळतो, कारण दहानंतर सोसायटीत आवाज केला की दुसऱ्या दिवशी ग्रुपवर मेसेज येतो. तबल्याखाली जाड सतरंजी किंवा गोधडी घाला, खालच्या मजल्यावर ठोके कमी जातात. सकाळचा वेळ मिळत असेल तर उत्तम. आणि शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा. "काकू, तबला शिकतोय, जास्त झालं तर बेल वाजवा" एवढ्यावर बरंच भागतं.

क्लास घराजवळ किंवा रोजच्या वाटेवर हवा. घोडबंदर रोडला राहून नौपाड्यातला क्लास लावलात तर संध्याकाळच्या वाहतुकीत दोन महिन्यांत सुटेल. ट्रान्स-हार्बरने येणाऱ्यांनी क्लासच्या दिवशी वाद्य न्यावं लागतं का ते विचारून घ्यावं. तबला-पेटी बहुतेक ठिकाणी क्लासमध्येच असतात, बास मात्र स्वतःचा न्यावा लागतो, आणि गर्दीच्या वेळी गिगबॅगवाल्याची जागा लगेजच्या डब्यात.

परीक्षा द्यायची हौस असेल तर अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून विशारद-अलंकारपर्यंत आहेत, आणि मंडळाची वास्तू वाशीतच आहे. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला लावलेल्या रोपट्याची ही परंपरा. परीक्षेचं बंधन असलं की रियाज होतो, हे खरं. पण बाससाठी तबला शिकताय हे सरांना पहिल्या दिवशीच सांगा. काही जण खुशीने केरवा-दादरा आधी घेतात, काही त्रितालाशिवाय पुढे सरकत नाहीत. दोन्ही ठीक. आपल्याला काय हवंय ते मनात धरून मात्र निवडा.

पायरी ६: पैसे

नावाजलेल्या कंपनीचा सुरुवातीचा बास आज वीस हजारांच्या आसपास किंवा पुढेच जातो, आणि विकायला काढला की भाव पडतो. तेवढ्यात एखाद्या साध्या क्लासची वर्षाची फी बहुतेक ठिकाणी निघते. दोन्ही नको असतील तर तिसरा खर्च सुचवतो: बरा हेडफोन, तारांचा संच, कारागिराकडून एकदा सेटअप. हे कमीत कमी पैशांत होतं आणि जास्तीत जास्त फरक पडतो, म्हणूनच दुकानदार ते आपणहून सुचवत नाही.

क्लास एकदम वर्षाचा भरू नका, तीन महिन्यांचा भरा. तीन महिन्यांनी पायरी २ मधलं मेट्रोनोमचं रेकॉर्डिंग पुन्हा करा आणि जुन्याशेजारी लावून ऐका. लय सुधारली असेल तर क्लास चालू ठेवा. नसेल, आणि तबल्याला हात लावायचाच कंटाळा येत असेल, तर थांबा आणि बासकडे परत या.

क्लास सुरू झाला की बास थोडा मागे पडणारच. तारा पूर्ण सैल करून ठेवू नका, नेक मागे जाते. फार तर अर्धा स्वर उतरवा. पावसाच्या झडीला तोंड देणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर टांगू नका. बॅगेत सिलिका जेलच्या दोन-चार पुड्या टाका आणि महिन्यातून एकदा बदला. अ‍ॅक्टिव्ह असेल तर बॅटरी काढून ठेवा. गळली तर आतला सगळा कप्पा खराब होतो, आणि मग खरोखरच नवा बास बघायला जावं लागेल.